मेंडोटावरची बारा ठिकाणं: एका उन्हाळ्याचं प्रकरण

2023 च्या उन्हाळ्यात आम्ही तीन मराठी घरांनी मिळून इथे अमेरिकेत मॅडिसनला मेंडोटा तलावावर शिडाच्या बोटींचं एक चॅलेंज केलं. तलावाच्या काठाची बारा ठिकाणं ठरवायची, वाऱ्यावर तिथे जायचं, उतरायचं, परत यायचं, एवढंच. त्यातल्या ऑगस्टच्या एका शनिवारी जे झालं ते मी नीट लिहून काढतेय, कारण तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलंय की आम्हालाही करायचंय, नियम पाठवा. नियम एका पानात बसतात, लगेच पाठवता येतील, पण ते तसे का झाले हे माहीत नसताना नुसते वाचून उपयोग नाही असं मला मनापासून वाटतं.

आधी तलावाबद्दल, कारण ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं तलाव म्हणजे रंकाळा. मेंडोटा साधारण 40 चौरस किलोमीटरचा आहे, काठाकाठाने फिरलं तर 35 किलोमीटरच्या आसपास, आणि सगळ्यात खोल जागी 25 मीटर पाणी. विस्कॉन्सिनची राजधानी ज्या चिंचोळ्या पट्टीवर वसलीय तिच्या एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला मोनोना तलाव, मधून याहारा नदी. कॅपिटॉलचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा, पांढरा घुमट तलावावरून जवळजवळ कुठूनही दिसतो, त्यामुळे दिशा चुकायची भीती नाही, घर कुठे आहे ते कळतंच. घराकडे जाता येईल का हा वेगळा प्रश्न, आणि या प्रकरणात तोच प्रश्न आहे.

आमच्याकडे तीन बोटी. पिवळी आमची, निळी माझ्या नाशिकच्या मैत्रिणीची. या दोन्ही सनफिश, म्हणजे जेमतेम चौदा फुटांची फळकुटासारखी सपाट बोट, एक डोलकाठी, एकच शीड. सनफिशचं शीड पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी जरा वेळ बघतच राहिले होते कारण ते तिरक्या परभाणाचं (परभाण म्हणजे शीड बांधायची काठी) तिकोनी शीड अगदी आमच्या आजोळी, दाभोळच्या खाडीत, जुन्या मचव्यांच्या फोटोत असायचं तसंच दिसतं. इतक्या लांब येऊन तेच शीड हातात यावं याचा मला फार आनंद झाला होता. तिसरी बोट काकांची, आम्ही तिला मोठी म्हणतो, फ्लाइंग स्कॉट नावाची एकोणीस फुटी, तिच्यात चारजण आरामात बसतात. काका मूळचे कोल्हापूरचे, इथे तीस वर्षं झाली, आमच्यात खरं शीड कळणारा माणूस तेच. आम्ही बाकीचे दोन-तीन उन्हाळे शिकलेले.

बारा ठिकाणं अशी: पिकनिक पॉइंट, युनिव्हर्सिटी बे, सेकंड पॉइंट, स्प्रिंग हार्बर, मिडल्टनजवळचा मार्शल पार्क, गव्हर्नर नेल्सन स्टेट पार्क, उत्तरेला याहारा नदी तलावात येते ते तोंड, गव्हर्नर्स आयलंड, वॉर्नर पार्क, मेपल ब्लफ, टेनी पार्क, आणि युनिव्हर्सिटीच्या युनियनचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भवनाचा, तो सूर्याच्या आकाराच्या खुर्च्यांचा टेरेस. निघायचं जेम्स मॅडिसन पार्कच्या काठावरून. मोठी तिकडे टेनीच्या उतारावरून पाण्यात टाकायची आणि मग आम्हाला येऊन मिळायची.

पहिले नियम

मे महिन्यात काकूंच्या स्वयंपाकघरात बसून नियम केले, फ्रीजवर लावलेल्या कागदावर. प्रत्येक ठिकाणाला एक गुण. कमीतकमी दोन बोटींनी एकत्र जायचं. तिथे उतरायचं किंवा हाक मारली तर काठावर ऐकू जाईल इतकं जवळ जायचं. शिडावरच जायचं आणि शिडावरच निघालेल्या काठाला परत यायचं, तरच गुण. एका फेरीत दोन ठिकाणं केली तर एक गुण जास्त. शेवटची तारीख लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार. आणि एक नियम काकूंचा, की जिथे जाल तिथली एक गोष्ट शिकून यायची आणि चहाला सगळ्यांना सांगायची, नाहीतर गुण नाही.

हा काकूंचा नियम मला अजूनही सगळ्यात आवडतो. त्याच्यामुळे मुलांनी किती काय आणलं! माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा, तो गव्हर्नर नेल्सन पार्कातून सांगत आला की हा ज्यांच्या नावाचा पार्क आहे ते गेलॉर्ड नेल्सन इथले गव्हर्नर होते, मग सिनेटर झाले, आणि 1970 चा पहिला वसुंधरा दिन त्यांनी सुरू केलेला, आणि त्याच पार्कात मातीचा उंचवटा करून बनवलेला एक प्राणी आहे, चित्त्यासारखा, हजारेक वर्षांपूर्वीचा. असे मातीचे उंचवटे या तलावाभोवती खूप आहेत, पिकनिक पॉइंटवरही आहेत. इथली मूळ माणसं हो-चंक, त्यांच्या पूर्वजांनी केलेले. मैत्रिणीच्या मुलीने त्या होडीबद्दल सांगितलं, की 2021 मध्ये याच तलावाच्या तळातून एका झाडाच्या खोडात कोरलेली बाराशे वर्षं जुनी होडी वर काढली, तिच्यात जाळ्याला बांधायचे दगडही होते, आणि पुढच्याच वर्षी दुसरी काढली ती तर तीन हजार वर्षांची. त्या दिवशी चहा गार झाला सगळ्यांचा. आपण जिथे शनिवारी जातोय तिथे तीन हजार वर्षं माणसं मासे धरायला जातायत हे ऐकल्यावर माझं त्या पाण्याकडे बघणंच बदललं.

जूनमध्ये पहिल्या सात-आठ फेऱ्या झाल्या, जवळची ठिकाणं पटापट झाली. मग खोळंबा. जूनच्या शेवटी कॅनडातल्या वणव्यांचा धूर इतका आला की समोरचा काठ दिसेना, हवा खराब म्हणून घराबाहेर पडू नका सांगत होते, ते दिवस गेले. जुलैत दोनदा शेवाळ. मेंडोटाला आजूबाजूच्या गोठ्यांचं आणि शेतांचं शेणखत पावसाबरोबर वाहून येतं, त्यातल्या फॉस्फरसवर उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ फुगतं, आणि ते विषारी असू शकतं, म्हणून काठांवर पाण्यात उतरू नका अशा पाट्या लागतात. काठाजवळ पाणी हिरव्या रंगाच्या डब्यात हात घातल्यासारखं होतं. सनफिशवर कमरेपर्यंत ओलं व्हायला होतंच, त्यामुळे त्या दिवशी जायचं नाही हे आमचं ठरलेलं, आणि ते सगळ्यांनी बिनतक्रार पाळलं.

पण दिवस वाया गेले की मनात हिशोब सुरू होतो. ऑगस्टच्या मध्याला कागदावर पिवळी 9, निळी 9, मोठी 8 असे आकडे होते आणि उरलेली ठिकाणं सगळी लांबची, उत्तर काठाची. लेबर डेला तीन शनिवार-रविवार उरलेले. आमच्यात कोणी भांडत नव्हतं, चिडत नव्हतं, सगळं हसतखेळतच होतं, तरी रोज सकाळी मी चहा करताना वाऱ्याचा अंदाज बघायला लागले होते आणि तो बघताना माझ्या डोक्यात "जाता येईल ना" एवढंच असायचं, "जावं का" हे नसायचं. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर लिहिताना कळलं.

तो शनिवार

अंदाज असा होता: सकाळी दक्षिणेचा वारा, किंचित पश्चिमेकडे झुकलेला, दहा ते बारा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी जेमतेम दोन किलोमीटर). दुपारी वाढून पंधरा ते अठरा, मधेच झोत पंचवीसचे. तीननंतर गडगडाटाची शक्यता. हे मी वाचलं होतं. काकांनी वाचलं होतं. मैत्रिणीच्या नवऱ्याने तर आदल्या रात्रीच ग्रुपवर टाकलं होतं आणि खाली लिहिलेलं की सकाळी लवकर निघून दोनच्या आत परत येऊ.

साडेदहाला निघालो. लवकर नव्हेच ते, पण डबे, मुलं, मोठीचा ट्रेलर, होतं असं. पाणी बघितलं तर काठाला एक सुरकुती नाही, ताटात ओतल्यासारखं. आणि इथे पहिली गोष्ट, जी मी आता प्रत्येकाला सांगते. वारा दक्षिणेचा असला की आमचा काठ, म्हणजे दक्षिण काठ, शहराच्या आडोशाला असतो, घरं झाडं इमारती सगळा वारा अडवतात. लाट तयार व्हायला वाऱ्याला लांबचं मोकळं पाणी लागतं, ते त्याला जसजसं पुढे जाल तसं मिळतं, म्हणजे सगळ्यात मोठ्या लाटा समोरच्या, उत्तरेच्या काठाला. तुम्ही जिथे उभं राहून निर्णय घेता तिथलं पाणी तुम्हाला काहीच सांगत नाही. खोटंच सांगतं म्हटलं तरी चालेल.

पाठीवर वारा घेऊन गेलो. पाठीवरचा वारा इतका गोड असतो की काय सांगू. बोट सरळ उभी, शीड बाहेर सोडलेलं, वाऱ्याच्याच दिशेने आपण जात असल्यामुळे वारा आहे असं अंगाला फारसं जाणवतही नाही, उलट गरम होतं. मुलगा पुढे पाय सोडून बसलेला. साधारण पाच किलोमीटर आम्ही चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत कापले आणि गव्हर्नर्स आयलंडला लागलो. नावाला बेट, आता भराव टाकून जमिनीला जोडलेलं. त्याच्या जवळच सरकारी मनोरुग्णालयाचं आवार आहे आणि तिथे मातीचा एक पक्षी आहे ज्याच्या पंखांचा विस्तार 624 फूट, म्हणजे 190 मीटर. बेटाच्या कपारीत बोटी ओढून ठेवल्या आणि मुलगा मला हे सगळं सांगत होता, चहाच्या वेळची तयारी.

काका मोठीतून उतरले नाहीत. नांगर टाकून तिथूनच म्हणाले, "लाटेची टोकं पांढरी व्हायला लागलीत बघा. इथूनच फिरूया आता."

माझी मैत्रीण म्हणाली, "काका, वॉर्नर पार्क समोर दिसतोय हो. दोन किलोमीटर पण नाही. दोन्ही झाले तर तीन गुण होतात."

मी काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं. मी म्हणाले, "आलोच आहोत तर करून टाकू." काकांनी एकदा आकाशाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाले बरं, पण मी तुमच्या मागेच राहणार. ते मोठे होते, अनुभवी होते, त्यांनी जोरात नाही म्हटलं असतं तर आम्ही ऐकलं असतं. त्यांचं स्वतःचं म्हणणं नंतर असं पडलं की त्यांना आमचा उत्साह मोडवला नाही आणि मोठीचे गुण सगळ्यात कमी होते म्हणून आपण मत्सराने अडवतोय असं वाटेल की काय ही शंका त्यांच्या मनात आली. इतक्या सरळ माणसाच्या मनात! गुण असे आत शिरतात.

वॉर्नर पार्कला सव्वाबाराच्या सुमाराला पोचलो, थालीपीठं खाल्ली, एक वाजता निघालो तेव्हा सगळा तलाव पांढरा ठिपकेदार झाला होता.

आता वाऱ्याचा हिशोब, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. शिडाची बोट वारा जिकडून येतो तिकडे सरळ जाऊ शकत नाही. साधारण पंचेचाळीस अंश एका बाजूला, मग वळून पंचेचाळीस दुसऱ्या बाजूला, असं नागमोडी जावं लागतं. म्हणजे घर नाकासमोर पाच किलोमीटरवर असलं तरी पाण्यावरून सात तर नक्की होतात, आणि सनफिशसारखी सपाट बोट लाटेवर आपटत बाजूला सरकते, म्हणून त्याहून जास्त. वेग निम्मा. जाताना जी पाऊण तासाची वाट होती ती येताना अडीच तासांची होते. त्यात जाताना वारा दहाचा होता, आता अठराचा. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, दुप्पट नाही, हे शिडाच्या क्लासात पहिल्या दिवशी सांगतात आणि आम्ही सगळे ते पास झालेले होतो.

पहिली वीस मिनिटं जमलं. दोघेही बोटीच्या काठावर पाठ मागे टाकून बसलेलो, प्रत्येक लाट तोंडावर. माझ्या उजव्या हातात शिडाची दोरी, आणि ती ओढून ओढून हाताची बोटं सरळ होईनात. मग मी जे करायचं नसतं ते केलं. दोरीचा एक वेढा खिट्टीला मारला, हाताला जरा आराम म्हणून. झोत आला की दोरी सोडायची असते, शीड सैल झालं की वारा निघून जातो. माझी दोरी सुटली नाही. बोट सावकाश, अगदी सावकाश उजवीकडे कलली आणि आम्ही पाण्यात.

पाणी गार नव्हतं, ऑगस्ट होता. लाइफ जॅकेट दोघांनीही घातलेली, ती आम्ही कधीच काढत नाही. बोट आडवी, शीड पाण्यावर पसरलेलं. सनफिशच्या मधोमध एक फळी खाली सोडलेली असते, ती बोटीला बाजूला सरकू देत नाही, आणि बोट आडवी झाली की त्याच फळीवर उभं राहून तिला परत सरळ करायचं. ती फळी एका रबरी दोरीने अडकवलेली हवी. आमची अडकवलेली नव्हती, वॉर्नर पार्कला उतरताना काढली ती तशीच राहिली. माझ्या डोळ्यांदेखत ती फळी खाचेतून इंच इंच वर सरकत होती, बाहेर पडली असती तर तरंगत गेली असती आणि मग आमच्याकडे बोट नाही, नुसतं लाकूड उरलं असतं. मुलाने पोहत जाऊन ती धरली. दोन्ही हातांनी छातीशी, पुस्तकासारखी. आणि ओरडला, "आई, मी धरलीय, तू आधी दोरी सोड!"

दोरी सोडली. फळी परत खाचेत घातली, तिच्यावर मी चढले, बोट सरळ झाली, पोटावर ओढत आत आलो. पाच मिनिटं गेली असतील. आणि आता मी या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं सांगते. त्या क्षणी, केसातून पाणी गळत असताना, मुलगा समोर धापा टाकत असताना, मी घुमटाकडे बघितलं आणि माझ्या मनात आलं की परत गेलो की बारा होतील. नऊ अधिक तीन. ते मनात आलं आणि मी बोट पुन्हा वाऱ्याकडे वळवली.

दहा मिनिटांनी पुन्हा उलटलो. यावेळी खिट्टीबिट्टी काही नाही, नुसता थकवा, वळताना मुलगा एका बाजूला आणि मी त्याच बाजूला. तो वर आला तेव्हा त्याचे ओठ हलत होते आणि बोलत नव्हता. काका मोठी आमच्या शेजारी आणून शीड फडफडत ठेवून उभे होते, पंधरा फुटांवर, आणि ते ओरडले नाहीत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पोरी, मागं बघ."

मागे वॉर्नर पार्क. पाठीवरच्या वाऱ्याने सात-आठ मिनिटांचं अंतर. पुढे अजून दोन तास आणि वाढता वारा.

फिरलो. बोट वळल्यावर सगळा आवाजच थांबला, जणू कोणी दार लावलं. आठ मिनिटांत उतारावर होतो. काकूंनी मुलाला मोठीतली चादर गुंडाळली. मोठीही आमच्याबरोबरच परत आली, काका म्हणाले दोन बोटी एकत्र असा नियम आहे. निळी मात्र आमच्यापासून बरीच पुढे होती, त्यांना आम्ही फोन लावला, पिशवीतला फोन त्यांना ऐकू आला नाही, आणि ते दोघं पावणेचारला जेम्स मॅडिसनला लागले, दोघांच्या तळहातांची सालं निघालेली. चारला पहिली वीज चमकली.

गाडीत मुलाने विचारलं, "आपल्याला किती मिळणार?"

शून्य. नियम स्पष्ट होता, शिडावर निघालेल्या काठाला परत आलात तरच. फ्रीजवरच्या कागदावर निळीचे बारा झाले, आमचे नऊच.

रविवार

मी या भागावर जरा थांबणार आहे कारण बहुतेक ठिकाणी इथे काय होतं, तर "वाचलो, देवाची कृपा" म्हणून पुढच्या शनिवारी तोच खेळ. आमच्यात ते झालं नाही याचं श्रेय माझ्या मैत्रिणीला. ती जिंकणारी होती. ती रविवारी सकाळी काकूंकडे आली, हाताला पट्ट्या, आणि म्हणाली मला ते तीन गुण नकोत. तिचं म्हणणं साधं होतं. काल तीन बोटी होत्या, दोघांनी बरोबर निर्णय घेतला आणि एकाने चुकीचा. ज्याने चुकीचा घेतला त्याला तीन गुण, ज्यांनी बरोबर घेतला त्यांना शून्य. मग आपण मुलांना काय शिकवतोय?

तिच्या नवऱ्याला ते लगेच पटलं नाही. तो म्हणाला आम्ही पोचलो ना व्यवस्थित, आमची बोट उलटली नाही, आम्हाला जमत होतं. आणि तेही खरं होतं, ते दोघे आमच्यापेक्षा वजनाने जास्त आणि हाताने पक्के. यावर काका म्हणाले की वीज साडेतीनला चमकली असती तर? तुमचं कौशल्य तेवढंच राहिलं असतं. पंधरा मिनिटांचा फरक नशिबाचा होता. बराच वेळ कोणी बोललं नाही, मग तोच म्हणाला, फोन ऐकू आला नाही ही गोष्ट मला जास्त लागतेय, तुम्ही मागे आहात की नाही हे मी तासभर वळून बघितलंच नव्हतं.

आम्ही काय काय चुकलं ते कागदावर लिहिलं. उशिरा निघालो. काठाचं पाणी बघून फसलो. वाऱ्याबरोबर आधी गेलो आणि वाऱ्याविरुद्धचा अवघड भाग थकल्यावर आला. मी दोरी खिट्टीला मारली, फळी अडकवली नाही. या सगळ्या चुका खऱ्या आहेत. पण त्या सगळ्यांच्या खाली एकच गोष्ट होती: आमच्या नियमांत मागे फिरायला जागाच नव्हती. बेटावरून काका म्हणाले तेव्हा फिरलो असतो तर एक गुण मिळालाही असता, पण एकाच्या जागी तीन समोर दिसत होते. पुढे, पहिल्यांदा उलटल्यावर फिरणं म्हणजे मिळालेला तो एकही घालवणं. जितकं पुढे जाल तितकं फिरणं महाग. आणि पाण्यावर जितकं पुढे जाल तितकी फिरण्याची गरज जास्त. नियम आणि तलाव बरोबर उलटे चालत होते. हे आम्ही आमच्याच हाताने, प्रेमाने, काकूंच्या ओट्याशी बसून लिहिलेले नियम.

नवीन नियम

त्या वर्षी अधिक श्रावण असल्यामुळे नारळी पौर्णिमा उशिरा आली, 30 ऑगस्टला. त्या संध्याकाळी नारळीभात आणि नवा कागद. मी सगळ्यांना आजोळची आठवण सांगितली, की पावसाळ्यात मचवे वर ओढून शाकारलेले असायचे, आणि समुद्र शांत होऊन नारळ वाहिल्याशिवाय कोणी बोट लोटायचं नाही. ते थांबलेले कोळी कमी दर्जाचे दर्यावर्दी नव्हते, उलट ज्यांना समुद्र कळतो तेच थांबतात.

नियम असे झाले. मागे फिरलात तर पूर्ण एक गुण, ठिकाणी पोचल्याइतकाच, फक्त का फिरलात ते चहाला सांगायचं, आणि ते ठिकाण तुमच्या यादीत परत करण्यासाठी राहतं. ज्याने आधी "फिरूया" म्हटलं त्याच्याबरोबर सगळ्यांनी फिरायचं, चर्चा काठावर. दोन ठिकाणांचा जादा गुण बंद. लेबर डेची तारीख बंद, बोटी थंडीसाठी बाहेर काढू तोपर्यंत मोसम. जायचं की नाही हे सगळ्यात छोट्या बोटीने आणि तिच्यातल्या सगळ्यात लहान माणसाने ठरवायचं. वारा असेल तिकडे आधी जायचं, म्हणजे कष्ट सकाळी आणि परतीला वारा पाठीवर. दक्षिणेचा वारा असेल तर उत्तर काठाचं नावच काढायचं नाही, त्या दिवशी आडोशाच्या काठाने टेनी नाहीतर युनियन. उत्तरेची ठिकाणं वायव्येच्या वाऱ्याला, तो दक्षिण काठावर सरळ येऊन आपटतो, म्हणजे निघतानाच लाट काय आहे ते पायाला कळतं. बोट सोडायच्या आधी एकाने दुसऱ्याची फळीची दोरी बघायची, हात लावून. फोन पिशवीत नाही, लाइफ जॅकेटला बांधलेली शिट्टी.

"मागे फिरल्याला गुण दिले तर कोणी पोचणारच नाही, सगळे काठावरून फिरतील," ही शंका मैत्रिणीच्या नवऱ्याने काढली होती आणि ती रास्त होती. तसं झालं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सहा वेळा निघालो, त्यातून दोनदा फिरलो. एकदा गव्हर्नर नेल्सनच्या वाटेवर पिकनिक पॉइंटच्या टोकाला, कारण तोवर आडोसा होता आणि टोकाला वळसा घातल्याबरोबर काय आहे ते समोर दिसलं. दुसऱ्यांदा माझ्या मुलाने फिरवलं. वारा काही फार नव्हता, आठ-नऊ नॉट, आकाश स्वच्छ. तो म्हणाला, "आई, मला आज नको वाटतंय, का ते सांगता येत नाही." मी काही विचारलं नाही. शिट्टी वाजवली, निळी वळली, मोठी वळली.

चहाला त्याला का ते सांगायचं होतं, नियमच होता. त्याने बराच वेळ कप फिरवला आणि म्हणाला की ऑगस्टनंतर उत्तरेला जाताना पाण्याचा रंग गडद झाला की त्याच्या पोटात गोळा येतो. कोणी समजावत बसलं नाही. काकांनी कागदावर पिवळीच्या रकान्यात एक लिहिला, आणि विचारलं पुढच्या शनिवारी मोठीत माझ्याबरोबर सुकाणूवर बसशील का.

बसला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, वायव्येच्या वाऱ्यावर, तीन तास, याहाराच्या तोंडापर्यंत आणि परत. मी निळीत होते, लांबून बघत होते. सुकाणूवर तो आणि काका पुढे, पाठ करून बसलेले, म्हणजे मागे वळून बघायचं नाही असं काकांनी ठरवलेलं दिसत होतं.

त्या मोसमाचा कागद माझ्याकडे आहे. पिवळीने बारापैकी अकरा ठिकाणं केली. वॉर्नर पार्क राहिला, कारण शिडावर जाऊन शिडावर परत आलो नाही तर ते ठिकाण झालं असं म्हणायचं नाही हे आम्ही बदललं नाही. त्याच्या पुढे ऑगस्टच्या त्या शनिवारची तारीख आहे आणि माझ्या मैत्रिणीच्या अक्षरात, नंतर घातलेला, "फिरलो: 1".